डीकम्प्रेशन डायव्हिंगसाठी डायव्ह कॉम्प्युटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ज्यांनी डीकम्प्रेशन डायव्हिंगचे (वर येताना अंगात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून ठरावीक खोलींवर थांबावेच लागते अशा डाइव्हचे) प्रशिक्षण घेतले आहे किंवा जे सध्या घेत आहेत, त्यांच्यासाठी आहे. प्रशिक्षकाची जागा ते घेऊ शकत नाही. थेट वर येता येईल अशा मर्यादेत राहणाऱ्या डायव्हरलाही यातले बरेच उपयोगी पडेल, पण उदाहरणे आणि आकडे सक्तीचे स्टॉप असलेल्या डाइव्हचे आहेत.

कॉम्प्युटर नेमके काय मोजतो?

दाब, वेळ आणि पाण्याचे तापमान. बाकी सगळे गणित. तुमच्या रक्तात किती नायट्रोजन आहे हे त्याला कळत नाही. कळतो तो फक्त एका काल्पनिक शरीराचा हिशेब. आजच्या बहुतेक तांत्रिक (म्हणजे सक्तीच्या स्टॉपच्या डाइव्हसाठीच्या) कॉम्प्युटरांत झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांचे झेडएचएल-१६सी हे मॉडेल असते. त्यात शरीराचे १६ कप्पे कल्पिलेले आहेत. सर्वांत जलद कप्पा चार-पाच मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत संथ कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटे लागतात. प्रत्येक कप्प्यात किती जादा दाब चालेल याची मर्यादा ठरलेली असते. दर काही सेकंदांनी कॉम्प्युटर सोळाही कप्पे तपासतो आणि ज्या कप्प्याची मर्यादा सर्वांत खोल असेल, त्यावरून वर येण्याची सीमा काढतो.

या हिशेबात दोन गोष्टी तुमच्याकडून जातात: कोणता वायू श्वासात आहे आणि किती सावध राहायचे. त्या चुकीच्या असतील तर गणित अचूक असूनही उत्तर चुकीचे येते, आणि स्क्रीनवर तसा कोणताही इशारा दिसत नाही.

सीलिंग आणि स्टॉप यांत फरक काय?

सीलिंग ही गणिताने आलेली सीमा, उदाहरणार्थ ४.३ मीटर. स्टॉप म्हणजे तीच सीमा तीन मीटरच्या पुढच्या पायरीवर नेलेली, म्हणजे ६ मीटर. स्टॉपच्या खोलीवर किंवा तिच्या किंचित खाली राहा. मीटरभर खाली गेल्याने काही बिघडत नाही, पण सतत दीड-दोन मीटर खाली राहिलात तर बाहेर पडणारा वायू संथ होतो आणि ‘१ मिनिट’ असे दाखवणारा स्टॉप दोन-तीन मिनिटे सरत नाही. कॉम्प्युटर अडकला असे वाटते ते बहुतेक वेळा यामुळेच.

स्क्रीनवरच्या एवढ्या आकड्यांत कशावर नजर ठेवायची?

तळाशी असताना: खोली, डाइव्हची वेळ, टीटीएस आणि सिलिंडरचा दाब. वर येताना: पुढचा स्टॉप, त्याची मिनिटे, चालू वायू आणि त्यातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, बारमध्ये). टीटीएस म्हणजे आत्ता निघालो तर पृष्ठभागावर पोहोचायला लागणारा एकूण वेळ, सगळे स्टॉप धरून.

याखेरीज काही कॉम्प्युटर ‘डेल्टा+५’ दाखवतात: याच खोलीवर आणखी पाच मिनिटे थांबलो तर टीटीएस किती वाढेल. तळाशी हा आकडा +३ वरून +८ कडे सरकू लागला की उशीर महाग होत चालला आहे असे समजा. तो शून्यावर आला की त्या खोलीवर थांबून फायदाही नाही आणि तोटाही नाही. उणे झाला की तिथे थांबण्याने तुमचे डीकम्प्रेशन कमी होत आहे.

जीएफ९९ (जीएफ म्हणजे ग्रेडियंट फॅक्टर, त्याबद्दल पुढे) म्हणजे या क्षणी सर्वांत पुढे असलेला कप्पा मर्यादेच्या किती टक्के वापरतो आहे. सर्फजीएफ म्हणजे आत्ताच्या आत्ता पृष्ठभागावर गेलात तर तो आकडा किती होईल. शेवटच्या स्टॉपवर सर्फजीएफ १३० वरून ८० पर्यंत उतरताना पाहणे हे त्या कंटाळवाण्या मिनिटांचे सर्वांत उपयोगी काम आहे. समुद्र खवळला, कोणाला थंडी भरली, लवकर निघावे लागेल असे वाटले, तर निघण्याची नेमकी किंमत त्या आकड्यात दिसते.

टीटीएसवर किती विसंबायचे?

टीटीएस तीन गोष्टी गृहीत धरून काढलेला असतो: तुम्ही आत्ता, या क्षणी निघाल, ठरलेल्या वेगाने याल, बहुधा मिनिटाला ९ ते १० मीटर, आणि यादीत चालू ठेवलेला प्रत्येक वायू त्याच्या खोलीवर पोहोचताच घ्याल. तिन्हींपैकी एक जरी खोटी ठरली तरी आकडा वाढतो.

४५ मीटरवरून २१ मीटरपर्यंत यायला १० मीटरच्या वेगाने अडीच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तीच चढाई ५ मीटरच्या वेगाने केली तर पाच मिनिटे होतात, आणि त्या सुरुवातीच्या खोल भागात संथ कप्पे अजून भरत असतात. दोरीशी खेळण्यात, बॉय (पृष्ठभागावर सोडायचा तरंगता खुणेचा फुगा) सोडण्यात, मागे राहिलेल्या जोडीदाराची वाट पाहण्यात असाच वेळ जातो. म्हणून तळ सोडण्याच्या मर्यादा पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवा आणि पाटीवर लिहा. त्या तीन असाव्यात: वेळ, सिलिंडरचा दाब आणि टीटीएस. ‘२५ मिनिटे, किंवा ९० बार, किंवा टीटीएस २८, जे आधी येईल ते.’ टीटीएसचा आकडा मनाने ठरवायचा नसतो. तुमच्याकडच्या वायूतून किती मिनिटांचे डीकम्प्रेशन निभावेल, यावरून तो येतो.

मग वायूचा हिशेब कसा करायचा?

आधी स्वतःचा पृष्ठभागावरचा वापर मोजा. विश्रांतीत, स्टॉपवर लटकलेल्या डायव्हरचा वापर मिनिटाला १५ ते २० लिटर असतो. इथे १८ धरू. योजनेत ५० टक्के ऑक्सिजन असलेल्या नायट्रॉक्सवर (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर) हे स्टॉप आले आहेत असे समजा: २१ मीटरवर २ मिनिटे, १८ वर १, १५ वर १, १२ वर २, ९ वर ४ आणि ६ मीटरवर १२ मिनिटे. प्रत्येक खोलीचा दाब बारमध्ये घेऊन मिनिटांनी गुणा: ६.२, २.८, २.५, ४.४, ७.६ आणि १९.२. बेरीज ४२.७. तिला १८ ने गुणले की सुमारे ७७० लिटर. त्यावर निम्मी भर राखीव म्हणून घाला, म्हणजे सुमारे ११५० लिटर. सात लिटरच्या सिलिंडरमध्ये १६५ बार असतील तर भागते, ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये १०५ बार पुरतात.

दुसरा हिशेब तळाच्या वायूचा. जोडीदाराचा वायू ४५ मीटरवर संपला, तर तुमच्याकडच्या वायूवर दोघांना २१ मीटरपर्यंत यायचे आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज घेतो, दोघांचे मिळून ६०. तळाशी गोंधळ निस्तरायला एक मिनिट: ६० गुणिले ५.५, म्हणजे ३३०. चढाईला तीन मिनिटे, सरासरी दाब ४.३: ७७४. २१ मीटरवर वायू बदलायला एक मिनिट: १८६. एकूण १२९० लिटर. बारा-बारा लिटरच्या जुळ्या सिलिंडरमध्ये हे जवळजवळ ५४ बार होतात, म्हणून ६० धरा. हा वायू तुमचा नाही असे समजूनच तळावरची वेळ ठरवायची.

सिलिंडरचा दाब ट्रान्समीटरने वाचणारा कॉम्प्युटर यातले काही तुमच्यासाठी करत नाही. तो फक्त दाब दाखवतो, आणि रेडिओ जोडणी तुटली की तेही नाही. साधा प्रेशर गेज ठेवा.

ग्रेडियंट फॅक्टर किती ठेवावेत?

ही सर्वांत जास्त विचारली जाणारी गोष्ट, आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेलीही. ग्रेडियंट फॅक्टर म्हणजे मॉडेलच्या मर्यादेपैकी किती टक्के वापरायचे हे सांगणारे दोन आकडे, ‘खालचा/वरचा’ असे लिहिलेले. ही कल्पना १९९० च्या दशकात एरिक बेकर यांनी मांडली. समजा पृष्ठभागावर, म्हणजे १ बार दाबाला, एखाद्या कप्प्याची मर्यादा १.८ बार आहे. म्हणजे ०.८ बार जादा दाब चालतो. वरचा फॅक्टर ७५ ठेवला तर कॉम्प्युटर फक्त ०.६ बार, म्हणजे १.६ पर्यंतच परवानगी देतो. ९५ ठेवला तर १.७६ पर्यंत. वरचा आकडा पृष्ठभागावर येताना तुम्ही किती भरलेले असाल हे ठरवतो. खालचा आकडा पहिला स्टॉप किती खोल सुरू होईल हे ठरवतो. दोहोंमध्ये कॉम्प्युटर सरळ रेषेत सरकतो.

३०/७० हा काही कॉम्प्युटरांचा तांत्रिक मोडमधला जुना पूर्वनिश्चित आकडा आहे. आज अनेक जण खालचा आकडा ५० ते ६० च्या आसपास आणि वरचा ७० ते ८५ ठेवतात. कारण पुढच्या प्रश्नात. तुमच्या आकड्यांमागे वय, तब्येत, थंडी, त्या आठवड्यात किती डाइव्ह झाल्या आणि रिकम्प्रेशन चेंबर (डीकम्प्रेशनच्या आजारावर उपचार करायची दाबकोठी) किती लांब आहे हे सगळे असावे. पुढे असलेला ओळखीचा डायव्हर काय वापरतो हे कारण नव्हे. आणि १०० ही भिंत नाही. त्याच्या कितीतरी खाली राहूनही लोकांना डीकम्प्रेशनचा आजार झाला आहे.

पाण्यात असताना फॅक्टर ढिले करण्याची सोय काही कॉम्प्युटरांत असते. ती आणीबाणीसाठी आहे. थंडी वाजते म्हणून ७५ चे ९५ करणे हा त्या सोयीचा गैरवापर.

खोल स्टॉप घ्यावेत की नाही?

२००० च्या सुमारास बुडबुड्यांच्या मॉडेलमुळे खोल स्टॉपची लाट आली. व्हीपीएम आणि आरजीबीएम ही नावे तेव्हाची. विचार असा की, बुडबुडे तयार होण्याआधीच खोलवर थोडे थांबावे. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाने हे तपासले आणि २०११ मध्ये अहवाल दिला. १७० फूट, म्हणजे सुमारे ५२ मीटर, तळावर ३० मिनिटे आणि दोन्ही गटांना एकूण डीकम्प्रेशनची वेळ सारखीच. फरक फक्त ती वेळ कुठे घालवली याचा. खोल स्टॉपवाल्या गटात आजाराचे रुग्ण जास्त निघाले.

कारण सरळ आहे. खोलवर थांबता तेव्हा जलद कप्पे रिकामे होतात, पण संथ कप्पे भरत राहतात. शेवटी त्यांचाच हिशेब पृष्ठभागावर चुकवावा लागतो. त्यामुळे खालचा फॅक्टर १० किंवा २० ठेवण्याला आज आधार उरलेला नाही. मात्र खालचा आकडा वाढवला म्हणून वरचा वाढवू नका.

वायू बदलताना नेमके काय करायचे?

डीकम्प्रेशन डायव्हिंगमधले अनेक मृत्यू चुकीचा वायू चुकीच्या खोलीवर घेतल्याने झाले आहेत, म्हणून इथे घाई नको. ५० टक्क्यांच्या नायट्रॉक्सची मर्यादा आंशिक दाब १.६ धरून २२ मीटर येते, व्यवहारात २१ वापरतात. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरला. कॉम्प्युटर वायू बदला असे सुचवतो, पण तोंडात काय आहे हे त्याला दिसत नाही.

क्रम असा ठेवा. खोली स्थिर करा. कॉम्प्युटरवर खोली वाचा. सिलिंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली कमाल खोली वाचा आणि जोडीदाराला दाखवा. व्हॉल्व्ह उघडा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून सेकंड स्टेजपर्यंत (रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागापर्यंत) नळी हाताने चाचपत या. सेकंड स्टेजचा रंग बघून ओळखणे पुरेसे नाही, कारण दोन सिलिंडर असतील तर नळ्या अदलाबदल होतात. जोडीदाराने मान हलवल्यावरच तोंडात घ्या, दोन-तीन श्वास घ्या, गेजची सुई स्थिर आहे का पाहा, आणि मगच कॉम्प्युटरवर वायू बदला. उलट क्रमाने केले, म्हणजे आधी बटण दाबले आणि मग रेग्युलेटर अडकला, तर कॉम्प्युटर तुम्ही न घेतलेल्या ऑक्सिजनचे श्रेय तुम्हाला देत राहतो.

सिलिंडर भरल्यावर प्रत्येक वेळी विश्लेषक लावून टक्केवारी मोजा आणि मोजलेलाच आकडा घाला. ५० मागितले आणि ४६ निघाले, तर कॉम्प्युटरमध्ये ४६.

यादीत जुने वायू राहिले तर काय होते?

कॉम्प्युटर ते तुमच्याजवळ आहेत असेच समजतो. मागच्या आठवड्यातला शुद्ध ऑक्सिजन यादीत चालू असेल आणि आज फक्त ५० टक्केवाला सिलिंडर आणला असेल, तर तळाशी दिसणारा टीटीएस प्रत्यक्षापेक्षा लहान असतो. ६ मीटरवर पोहोचल्यावर तो अचानक वाढतो. उतरण्यापूर्वी जोडीदारासमोर वायूंची यादी मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक वायूसाठी त्या सिलिंडरवर हात ठेवा. हात ठेवायला सिलिंडर नसेल तर तो वायू बंद करा.

डीकम्प्रेशनचा वायूच हरवला किंवा सिलिंडर बिघडला तर?

लगेच त्या वायूला कॉम्प्युटरमध्ये बंद करा. पाण्यात हे करता येते का, आणि हातमोजे घालून किती बटणे दाबावी लागतात, हे जमिनीवरच करून बघा. टीटीएस वाढेल, कधी दुप्पटही. नवा आकडा पाहून घाबरू नये यासाठीच योजना करताना ‘वायू हरवला’ हा पर्याय आधी काढून पाटीवर लिहायचा असतो. तळाच्या वायूवर हे डीकम्प्रेशन निभावणार नसेल, तर जोडीदाराने आपले स्टॉप संपवून उरलेला वायू द्यायचा, किंवा दोघांनी तो आळीपाळीने घ्यायचा. टीममध्ये कोणाकडे किती राखीव आहे हे यासाठीच मोजलेले असते.

दोन कॉम्प्युटर हवेतच का? आणि ते वेगवेगळे आकडे दाखवतात तेव्हा?

सक्तीच्या स्टॉपच्या डाइव्हसाठी हो, हवेतच. दोन्हींत एकच मॉडेल, तेच फॅक्टर, तेच वायू आणि शेवटच्या स्टॉपची तीच खोली. एकात ब्यूलमान आणि दुसऱ्यात आरजीबीएम असेल तर ते सहमत होणार नाहीत, आणि जास्त सावध असलेला कॉम्प्युटर आपल्या स्टॉपला न थांबल्याबद्दल ओरडत राहील. अशी जोडी असेलच तर जो जास्त वेळ मागतो त्याचे ऐका.

खोलीत अर्ध्या-एक मीटरचा फरक दिसत असेल तर बहुधा एक गोड्या पाण्यावर आणि दुसरा खाऱ्या पाण्यावर लावलेला असतो. दोहोंत सुमारे तीन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे ४० मीटरला एक मीटरहून थोडा जास्त. डीकम्प्रेशनचे गणित मुळात दाबावर चालते, त्यामुळे स्टॉप फारसे बदलत नाहीत. एक-दोन मिनिटांचा फरक असेल तर शोध घेत बसू नका. पाच मिनिटांचा असेल तर बहुधा कुठेतरी वायू बदलायचा राहिला आहे.

पाण्यात असताना एक बंद पडला तर? दोन्ही पडले तर?

एक बंद पडला की डाइव्ह संपली. दुसऱ्यावर वर या. दोन्ही गेले तर पाटीवर लिहिलेली योजना आणि जोडीदाराचे घड्याळ. म्हणून पाटीवर चार वेळापत्रके असावीत: ठरल्याप्रमाणे, तीन मीटर जास्त खोल, पाच मिनिटे जास्त, आणि वायू हरवल्यास. फक्त जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर येण्याला अट आहे: तुम्ही त्याच्यापेक्षा कधीच खोल नव्हता, तुमचे वायू तेच आहेत आणि या दिवसांत त्याच्या डाइव्ह तुमच्याइतक्याच झाल्या आहेत. तरीही काही मिनिटे जास्त द्या.

स्टॉप चुकला. आता?

अजून पाण्यात असाल तर ताबडतोब सीलिंगच्या खाली जा आणि ते सुटेपर्यंत थांबा. नंतरचे उथळ स्टॉप कॉम्प्युटर सांगेल त्याहून लांबवा. मॉडेलला विरघळलेला वायू दिसतो, तुम्ही वर गेल्याने तयार झालेले बुडबुडे दिसत नाहीत. त्यामुळे कॉम्प्युटरने सुधारून दाखवलेले वेळापत्रक आशावादी असते.

पृष्ठभागावर येऊन पोहोचला असाल आणि लक्षणे नसतील, तर पाण्याबाहेर या, १०० टक्के ऑक्सिजन घ्या, आडवे व्हा, पाणी प्या, डायव्हिंगच्या डॉक्टरांना फोन करा. टीमकडे त्यासाठीचे प्रशिक्षण आणि ठरलेली पद्धत नसेल तर पुन्हा बुडी नको.

काही मनोरंजनासाठीचे कॉम्प्युटर स्टॉप मोडल्यावर २४ किंवा ४८ तास कुलूपबंद होतात आणि फक्त खोली-वेळ दाखवतात. म्हणजे ज्या क्षणी गणित सर्वांत जास्त हवे तेव्हाच ते जाते. असा कॉम्प्युटर डीकम्प्रेशनसाठी घेऊ नका.

शेवटचा स्टॉप ३ मीटरवर की ६ मीटरवर?

शुद्ध ऑक्सिजनवर असाल तर ६. श्वासात नायट्रोजनच नसल्याने तो बाहेर पडण्याचा वेग ६ आणि ३ मीटरवर जवळपास सारखा, आणि लाटांत ६ मीटरवर स्थिर राहणे सोपे. हवेवर किंवा नायट्रॉक्सवर असाल तर ६ वर वेळ लागतो. समुद्र शांत असेल तर ३ मीटरवर जाणे स्वस्त पडते. जे ठरवाल ते कॉम्प्युटरमध्ये घाला, नाहीतर टीटीएस खोटा दिसेल. शेवटच्या स्टॉपवरून पृष्ठभागापर्यंत मिनिटाला मीटरभर, किंवा त्याहून सावकाश. दर मीटरमागे प्रमाणाने सर्वांत मोठा दाबबदल इथेच असतो आणि नेमका इथेच सगळे घाई करतात.

ऑक्सिजनच्या विषारी परिणामाच्या टक्केवारीचा, म्हणजे सीएनएसचा (मेंदू व मज्जासंस्थेवरच्या भाराचा), आकडा किती गांभीर्याने घ्यायचा?

गांभीर्याने, पण तो हमी देत नाही. आंशिक दाब १.६ ला एका डाइव्हची मर्यादा ४५ मिनिटे धरतात, १.४ ला १५०, १.३ ला १८०. म्हणजे ६ मीटरवर ऑक्सिजनची २० मिनिटे सुमारे ४४ टक्के. लांब स्टॉपमध्ये २० मिनिटांनी ५ मिनिटे तळाच्या वायूवर विसावा देण्याची पद्धत आहे. तो विसावा कॉम्प्युटरमध्येही वायू बदलून नोंदवा. श्रम करताना १.४ च्या वर जाऊ नका, १.६ विश्रांतीच्या स्टॉपसाठीच. झटका टक्केवारी शंभरच्या खाली असतानाही येऊ शकतो.

थंडी, दमणूक, तब्येत हे कॉम्प्युटर धरतो का?

काही मॉडेलमध्ये पाण्याचे तापमान किंवा हृदयगती यांचा थोडा हिशेब असतो, बहुतेकांत काहीच नाही. अमेरिकी नौदलाच्या २००७ च्या प्रयोगांत तळावर ऊब आणि डीकम्प्रेशनमध्ये थंडी ही जोडी सर्वांत वाईट ठरली. तळावर उबदार शरीर वायू भराभर घेते, थंड शरीर तो सावकाश सोडते. म्हणून विजेवर तापणारे जाकीट तळाशी जोरात चालवून वर येताना बॅटरी संपवू नका. उलट करा: तळाशी बंद किंवा मंद, स्टॉपवर चालू. बॅटरी मध्येच गेली तर शेवटचे स्टॉप वाढवा.

हृदयातील एक जन्मजात छिद्र, पीएफओ, साधारण चारांपैकी एका व्यक्तीत उरलेले असते. एरवी त्रास नसतो, पण त्यातून बुडबुडे फुप्फुसांना चुकवून पलीकडे जाऊ शकतात. निर्दोष डाइव्हनंतर पुन्हा पुन्हा त्वचेवर चट्टे, चक्कर किंवा दृष्टिदोष होत असेल तर तपासणी करून घ्या.

बॅटरी आणि सॉफ्टवेअरबद्दल काय लक्षात ठेवायचे?

बॅटरीचा प्रकार कॉम्प्युटरला सांगावा लागतो: अल्कलाइन, लिथियम, ३.६ व्होल्टवाली किंवा रिचार्जेबल. प्रकार चुकीचा असेल तर उरलेल्या चार्जचा आकडा निरर्थक होतो. १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटऱ्या शेवटपर्यंत ठीक दिसतात आणि मग एकदम जातात. थंडीत सगळ्याच लवकर संपतात. दोन डाइव्हच्या मध्ये बॅटरी बदललीत तर कप्प्यांची नोंद टिकली का ते पाहा. काही कॉम्प्युटरांत ती पुसली जाते आणि पुढच्या डाइव्हला तुम्ही ताजेतवाने समजले जाता. सॉफ्टवेअर डाइव्हच्या आदल्या रात्री अद्ययावत करू नका. केलेच तर फॅक्टर, वायू आणि शेवटचा स्टॉप पुन्हा तपासा.

रीब्रीदरवर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या यंत्रावर) काही वेगळे?

बरेच. कॉम्प्युटरवर बंद परिपथाचा मोड निवडलेला असावा, सेटपॉइंट (यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा आंशिक दाब) पाण्याखाली खरोखर राखला जातो तोच असावा, आणि बेलआउटचे (यंत्र बिघडल्यास साध्या सिलिंडरमधून घ्यायचे) वायू वेगळे नोंदवलेले असावेत. बेलआउट घेतल्यावर मोड बदलणे विसरला तर कॉम्प्युटर १.३ च्या सेटपॉइंटवरच हिशेब करत राहतो.

कॉम्प्युटर दुसऱ्याला वापरायला द्यावा का?

एकाच दिवशी नाही, आणि त्याच्या कप्प्यांत कोणाचाही वायू उरलेला असेपर्यंत नाही.

उंचावरच्या तलावांत आणि विमानप्रवासाआधी काय?

उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून कॉम्प्युटर पाण्यात नेण्यापूर्वी पृष्ठभागावरच चालू करा आणि त्याने उंची ओळखली आहे का, की हाताने घालावी लागते, हे पाहा. पाण्यात चालू झाला तर काही कॉम्प्युटर पृष्ठभागाचा दाब चुकीचा धरतात.

विमानासाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची सूचना अशी: नो-स्टॉपच्या एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८, आणि सक्तीच्या स्टॉपनंतर १८ पेक्षा बरेच जास्त. व्यवहारात बहुतेक तांत्रिक डायव्हर किमान २४ तास थांबतात. कॉम्प्युटरवरची ‘उड्डाण करू नका’ ही घटिका लवकर संपली तरी हाच नियम धरा. डोंगरावरचा घाट चढून घरी जाणेही याच हिशेबात येते.

सगळे स्टॉप पूर्ण केले, तरी सांधा दुखतो आहे. कॉम्प्युटरने तर काहीच इशारा दिला नव्हता.

इशारा नसणे हा आजार नसल्याचा पुरावा नाही. सांध्यात दुखणे, मुंग्या, अशक्तपणा, चक्कर, लघवी अडकणे, त्वचेवर जाळीदार चट्टे, असामान्य थकवा यांपैकी काहीही डाइव्हनंतर दिसले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत डीकम्प्रेशनचा आजार धरा. घट्ट मास्कने १०० टक्के ऑक्सिजन सुरू करा. वेदना थांबली म्हणून तो बंद करू नका. डायव्हिंगच्या डॉक्टरांशी बोला, ते सांगतील त्या चेंबरकडे निघा. नेहमीचा उपचार अमेरिकी नौदलाच्या तक्ता ६ प्रमाणे १८ मीटरच्या दाबापासून ऑक्सिजनवर सुरू होतो आणि पूर्ण व्हायला सुमारे पावणेपाच तास लागतात.

लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. कॉम्प्युटर रुग्णाबरोबर पाठवा, त्याची बॅटरी काढू नका आणि नोंदी पुसू नका. जोडीदाराचा कॉम्प्युटरही सोबत द्या आणि त्याच्यावरही लक्ष ठेवा, कारण त्याचीही डाइव्ह तीच होती.